जरा हात लाव रे!

(एपीएमसी मार्केट, नवी मुंबई येथे माथाडी कामगारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मघाशी कांदा-बटाटा बाजारात एक ट्रक रिकामा होत होता, तेथे मी काही वेळ उभा राहिलो. गोणी वाहणारा गडी कितीही बळकट असो, ती माथ्यावर चढवायला दुसऱ्याचे हात लागतात. ‘जरा हात लाव रे’, असे तो सहज म्हणून जातो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही आणि ऐकणाराही त्याला दुबळा समजत नाही. आज मला जे सांगायचे आहे, ते या चार शब्दांतच सामावलेले आहे.

माथ्यावरच्या ओझ्यासाठी जो सहज हाक मारतो, तोच मनावरच्या ओझ्याविषयी वर्षानुवर्षे मौन पाळतो. गावाकडचे कर्ज, मुलीचे लग्न, घरातील तंटा, उतरणीला लागलेले शरीर, या साऱ्यांची थप्पी त्याच्या मनात रचली जाते. ‘पुरुषाने रडू नये’ हा संस्कार आपण लहानपणीच करतो आणि पुढे त्याच्या मौनालाच धैर्य समजतो. गोणीचे वजन ५० किलोंहून अधिक नसावे, यासाठी आपण झगडलात. मनावरचे वजन तोलणारा काटा मात्र कोणत्याच गाळ्यावर नाही.

सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांच्या खेड्यांतून मुंबईत आलेला हा कामगार एके काळी विखुरलेला आणि निराधार होता. अण्णासाहेब पाटील यांनी त्याला एकत्र आणले. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि त्याला हक्काची मजुरी व भविष्यनिर्वाह निधी यांचे संरक्षण लाभले. एकट्याला जे पेलत नाही, ते संघटित झाल्यावर पेलते, हा त्या इतिहासाचा धडा होय. त्याच अण्णासाहेबांनी मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर २३ मार्च १९८२ रोजी आपले जीवन संपवले, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्या कार्यापुढे आपण नतमस्तक आहोत. परंतु अनुकरण करायचे ते त्यांच्या जगण्याचे. असे नेतृत्व आणखी वीस वर्षे लाभते तर समाजाचे किती भले झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे सरकारी नोंदीच सांगतात. २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून अधिक व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांत दर दहांमागे सात पुरुष होते. एक चतुर्थांशाहून अधिक लोक रोजंदारीवर पोट भरणारे होते. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची, २२ हजारांहून अधिक! नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण अग्रभागी आहेत. म्हणजे ज्या गोष्टी आपण ‘घरातल्या घरात’ म्हणून झाकून ठेवतो, त्याच.

मन मोकळे करणे हे पुरुषार्थाला शोभत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी गीता उघडून पाहावी. तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’ आहे. त्या काळच्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराचे हात कापू लागले, तोंडाला कोरड पडली आणि त्याने ते सारे आपल्या सख्याला बोलून दाखवले. त्या संपूर्ण अध्यायात श्रीकृष्णांच्या तोंडी जेमतेम एक वाक्य आहे. त्यांनी आधी ऐकून घेतले. कानउघाडणी आणि उपदेश नंतर आला, आणि अर्जुनाची साथ तर त्यांनी कधीच सोडली नाही. अर्जुन बोलला नसता, तर गीता सांगण्याचा प्रसंगच आला नसता.

आता हे आपल्या टोळीत कसे आणायचे? मुकादमांना माझी विनंती आहे की, हजेरी घेताना चेहराही वाचावा. कष्टकरी माणूस ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘झोप लागत नाही’, ‘डोके जड झाले आहे’, ‘छातीत धडधडते’. जो डबा खायला सर्वांबरोबर बसेनासा झाला, ज्याचे पिणे वाढले, जो गावी जायचे टाळू लागला, त्याला बाजूला घेऊन चहा पाजा आणि विचारा, ‘काय चालले आहे?’ लगेच सल्ला देऊ नका, थट्टा तर मुळीच नको. ‘जगण्यात अर्थ उरला नाही’ असे तो म्हणाला, तर सरळ विचारा की जीव देण्याचा विचार मनात येतो का. असे विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट, कोंडलेल्या माणसाला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नका. त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पाठ धरली तर आपण औषध घेतोच. मनाच्या दुखण्यालाही उपचार आहेत आणि ते बरे होते.

बंधूंनो, या बाजारातून साऱ्या मुंबईचे धान्य आणि भाजीपाला जातो. मुंबईचे पोट आपल्या माथ्यावर आहे. तो माथा शांत राहिला पाहिजे. उद्या पहाटे गोणी उचलताना शेजाऱ्याला हाक माराल, तेव्हा मनातील एखादी गोष्टही त्याला सांगून पाहा. आणि कोणी आपल्याला सांगू लागला, तर दोन घटका हातातले काम ठेवून ऐका.