रुमानियाची सांस्कृतिक संस्था आणि आपण
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. पैसा कोणत्या खात्यातून कोणासाठी गेला, हे आधी पाहतो. त्याच नजरेने एका लहान भाषेच्या देशाची हकीकत आज मांडतो.

आपल्या इंदूरला रुमानिया अगदीच परका नाही. शिल्पकार ब्रांकुशी तिथले. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी त्यांची 'अवकाशातील पक्षी' मालिकेतील तीन शिल्पे घेतली आणि ध्यानमंदिर उभारण्यासाठी त्यांना इंदूरला बोलावले. १९३७ च्या अखेरीस ते आलेही, पण मंदिर झाले नाही. त्यांतले दोन संगमरवरी पक्षी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. त्यांची पॅरिसची कार्यशाळा मृत्युपत्राने फ्रेंच सरकारकडे गेली. माणूस रुमानियाचा, वारसा सांभाळला इतरांनी!

तसे प्रयत्न जुने होते. रोम आणि व्हेनिस येथे रुमानियाने दोन महायुद्धांच्या मधल्या काळातच संस्था काढल्या होत्या. पुढे कम्युनिस्ट राजवटीत सारे आटले. २००३ मध्ये कायद्याने रुमानियन सांस्कृतिक संस्था स्थापन झाली आणि न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन, माद्रिद अशा शहरांतून तिच्या शाखा काम करू लागल्या.

२००५ ते २०१२ या काळात होरिया-रोमन पातापिएविच तिचे अध्यक्ष होते. आम्हाला भावली ती अनुवादाची योजना. परदेशी प्रकाशकाने रुमानियन पुस्तक निवडायचे, संस्थेने अनुवादाचा खर्च द्यायचा. प्रकाशक त्यांचा, दुकान त्यांचे, वाचकही त्यांचाच. आपणच छापून आपल्याच कपाटात गठ्ठे ठेवण्याचा प्रकार नाही.

मग राजकारण शिरले. २००८ मध्ये न्यूयॉर्क शाखेतल्या एका प्रदर्शनावरून मायदेशी गदारोळ झाला. जून २०१२ मध्ये पोंटा सरकारने वटहुकूम काढून संस्था राष्ट्राध्यक्षांच्या छत्राखालून सिनेटच्या ताब्यात दिली. परदेशस्थ रुमानियनांची राष्ट्रीय ओळख जपण्यावर भर आला, अंदाजपत्रकाला कात्री लागली. लेखक-कलावंतांनी निषेध केला. ऑगस्टमध्ये पातापिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले.

मंडळी, प्रश्न सरळ आहे. संस्कृतीचा पैसा आपल्याच माणसांना धरून ठेवण्यासाठी, की शेजाऱ्याला आपली ओळख करून देण्यासाठी? आमच्या मते दोन्ही कामे खरी, पण खाती वेगळी हवीत. एकत्र केली की शेजाऱ्याचे खाते नेहमी रिकामे राहते.

आपला गणेशोत्सव, हळदीकुंकू, नाट्यप्रयोग हे पहिले खाते. ते भरलेले आहे. दुसऱ्यात काय आहे? पिढ्यान् पिढ्या आपण हिंदी मुलखात राहतो, पण शेजारच्या शर्माजींच्या हाती आपण किती मराठी पुस्तके ठेवली? आपली नातवंडेही आता हिंदीतच वाचतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. पेढ्यांनी वाचक वाढत नाहीत.

म्हणून दोन सूचना. दरवर्षी एका मराठी पुस्तकाच्या हिंदी अनुवादाचा खर्च मंडळाने उचलावा. छापावे हिंदी प्रकाशकाने. आणि पुस्तक निवडणाऱ्या समितीत पदाधिकारी नसावेत, कोणत्याही पक्षाचे तर नाहीतच. अध्यक्ष बदलले तरी खाते चालू राहिले पाहिजे.

सभेने आज यावर मत द्यावे, ही विनंती. जय महाराष्ट्र, जय हिंद.