हवामानाचा खर्च आणि हिशेबाची वही

(छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात दोन नोंदी आहेत. एक पावसाची : अश्मक देशात साडेतेरा द्रोण पाऊस पडतो. अश्मक म्हणजे आपलाच गोदाकाठ. दुसरी नोंद हिशेबाची : आषाढात सर्व अधिकाऱ्यांनी आपल्या वह्या मोहोरबंद करून अक्षपटलात, म्हणजे राज्याच्या लेखा कार्यालयात, आणाव्यात. आकाशातून किती पडले हेही मोजायचे आणि कोशातून किती गेले हेही. आजचा विषय या दोन मोजमापांच्या सांध्यावरचा आहे.

हवामान बदलाला तोंड देण्यासाठी शासन किती खर्च करते, हा प्रश्न साधा वाटतो. पण शासनाच्या वहीत ‘हवामान’ नावाचे ठळक पान नाही. तेथे लेखाशीर्षे असतात. २४०१ पीकसंवर्धन, २४०२ मृद व जलसंधारण, २७०२ लघुपाटबंधारे, ३४३५ पर्यावरण. पैसा कोणत्या खात्याने खर्च केला हे त्यातून कळते. कशासाठी केला हे पुरते कळत नाही. म्हणून कोणीतरी बसून प्रत्येक योजनेवर खूण करावी लागते : ही पूर्णपणे हवामानाची, ही अंशतः, ही मुळीच नाही. महिलांसाठीच्या तरतुदींची अशी खूण केंद्रीय अर्थसंकल्पात २००५-०६ पासून होते. हवामानाबाबत ओडिशाने २०२० मध्ये पाऊल टाकले. मुंबई महानगरपालिकेने जून २०२४ मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प मांडला आणि ३१,७७४ कोटींच्या भांडवली तरतुदीपैकी १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे सुमारे ३२ टक्के, हवामानाशी संबंधित असल्याचे जाहीर केले.

आकडा मोठा आहे. पण खूण करणारा हात सैल सुटला की पर्जन्यजलवाहिनीही हवामानाची, बागही हवामानाची. नाव बदलले की खर्च वाढल्यासारखा दिसतो, काम मात्र तेवढेच राहते.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. नानाजी देशमुखांचा जन्म मराठवाड्यातल्या कडोळीचा. त्यांच्या नावाची कृषी संजीवनी योजना २०१८ पासून जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जासह राबवली गेली. पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे होते, त्यांत मराठवाड्याचे आठही. हवामानाला टिकून राहणारी शेती हाच तिचा घोषित हेतू, त्यामुळे खूण करायला अडचण नाही. अडचण शेततळ्यापाशी येते. ओढ्याचे वाहते पाणी अडवून भरलेले शेततळे हे खरे संरक्षण. पण प्लास्टिकचे अस्तर घालून, विहिरीवर पंप लावून भरलेले तळे म्हणजे भूजल वर काढून उन्हात वाळत घालणे. शेजाऱ्याची विहीर त्यामुळे लवकर आटते. वहीत मात्र दोन्ही तळी एकाच ओळीत बसतात. वैजापूर-पैठणच्या शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. लेखापालाला सांगावा लागतो.

जलयुक्त शिवारचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेवर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाल्याचे आणि भूजलपातळी वाढवण्यात तिचा प्रभाव अल्प असल्याचे महालेखापरीक्षकांनी सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात नोंदवले. त्यानंतर आपल्याकडे चर्चा झाली ती योजना कोणाची आणि अहवाल कोणाच्या राजवटीत आला याची. आपल्या विचाराच्या लोकांनीही तेच केले. गावात श्रमदान करणाऱ्या कार्यकर्त्याचा घाम खरा होता, याबद्दल मला शंका नाही. म्हणून तर त्या घामाचे पाणी झाले की नाही हे आपणच आधी विचारायला हवे होते. खोलीकरण किती मीटर झाले याची नोंद झाली, पण त्याच विहिरीची पातळी मे महिन्यात किती राहिली हे त्याच पानावर लिहिले गेले नाही.

एक वेगळा प्रश्न २०२५ च्या अतिवृष्टीचा. सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला आणि ऑक्टोबरात शासनाने ३१,६२८ कोटींचे साहाय्य जाहीर केले. हा हवामानाचा खर्च मानायचा का? माझे मत, त्याची नोंद वेगळी ठेवावी. मदत हा नुकसानीचा हिशेब आहे. तो तयारीच्या रकान्यात घातला, तर जितके नुकसान अधिक तितके राज्य दक्ष, असा उलटा निष्कर्ष निघेल.

ही शिस्त आपण जगाला शिकवली आहे. २०१५ मध्ये श्रीमंत राष्ट्रांच्या संघटनेने सांगितले, की आदल्या वर्षी विकसनशील देशांसाठी ६२ अब्ज डॉलर उभे राहिले. भारताच्या अर्थ मंत्रालयाने तो हिशेब तपासला आणि प्रत्यक्ष हाती आलेली विश्वासार्ह रक्कम सव्वादोन अब्जांच्या आसपासच भरते, असे दाखवून दिले. कर्ज मदत म्हणून मोजले होते, आश्वासने खर्च म्हणून. दिल्लीने पॅरिसला लावलेली ती फुटपट्टी मुंबईला आणि आपल्या जिल्हा परिषदेलाही लावावी लागेल.

त्यासाठी अर्थतज्ज्ञ असण्याची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेत तीनच गोष्टी विचाराव्यात : गेल्या तीन वर्षांत आपल्या शिवारात पाण्यावर किती खर्च झाला, तो कोणत्या शीर्षाखाली पडला आणि यंदाच्या वैशाखात पाणवठ्याच्या विहिरीला किती हात पाणी होते. पहिल्या दोन उत्तरांसाठी ग्रामसेवकाला दप्तर उघडावे लागेल. तिसरे उत्तर पाणी शेंदणाऱ्या भगिनींना तोंडपाठ आहे. ते कागदावर उतरवून घ्यावे.