पट आणि पल्ला



स्वागत समितीच्या वतीनं आपलं तळोद्यात मनःपूर्वक स्वागत. नंदुरबारला गाडीतून उतरून एसटीनं इथवर येईपर्यंत आपल्यापैकी कित्येकांची मध्यरात्र झाली. उतरायची सोय वर्गखोल्यांमध्ये केली आहे, गाद्या थोड्या कमी पडल्या, त्याबद्दल समितीची दिलगिरी. जेवणाबद्दल मात्र दिलगिरी व्यक्त करायची नाही, असं स्वयंपाकघरातून मला बजावून सांगितलं आहे. दादरची भाकरी, उडदाची डाळ आणि नंदुरबारच्या मिरचीचा ठेचा आहे. जपून घ्या.

स्वागताध्यक्षानं इतिहास सांगत बसू नये, जेवणाची वेळ सांगावी आणि खाली बसावं, असा संकेत आहे. तो मी थोडा मोडणार आहे. कमी पटाच्या शाळांवरची परिषद तळोद्यातच का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. या प्रश्नाचा हिशेब इथं इंग्रजी अमदानीपासून तुंबलेला आहे, म्हणून.

मुंबई इलाख्यात १८५५ साली शिक्षण खातं सुरू झालं. खेड्यापाड्यांतल्या शाळांना पुरेल एवढा पैसा सरकारी तिजोरीतून मिळेना. तेव्हा साठीच्या दशकात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि १८६९ च्या कायद्यानं तो पक्का झाला. त्या आण्याचा एक तृतीयांश शाळांसाठी होता. म्हणजे शेतकऱ्यानं सरकारात रुपया भरला की शाळेच्या नावानं चार पै जमा. या फंडाचा सगळा इतिहास ज. पां. नाईकांनी लिहून ठेवला आहे. शिक्षणाच्या पैशाबद्दल बोलणाऱ्यानं तो वाचावा. आमच्यात वाचणारे कमी, बोलणारे जास्त.

आता हा हिशेब खानदेशच्या नकाशावर मांडून पाहा. खाली तापीकाठ, काळी जमीन, भरलेली गावं. तिथं धारा म्हणजे जमीन महसूल आला, आणा आला, शाळाही आली. वर सातपुड्यात अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर अशा मेवासी सरदारांच्या सहा इस्टेटी. तिथं खालच्यासारखी जमीनमोजणी नव्हती, वसुली औतांच्या संख्येवर. धाराच नाही तर धाऱ्यावरचा आणा कुठला, आणि आण्यातल्या चार पै कुठल्या? पायथ्याशी ज्या भिल्ल शेतकऱ्यानं तो आणा भरला, त्याची शाळाही मोठ्या गावात. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला लेखी सांगितलं की, पैसा रयतेचा आणि त्याचा लाभ वरच्यांना. तेव्हा त्यांच्यासमोर मुख्यतः देशावरचा कुणबी-माळी होता. पण ते निवेदन मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला आमच्या पायथ्याची गावं दिसतात.

हंटर आयोगानं आदिवासी मुलांसाठी काही शिफारशी केल्या आणि त्या समंजस होत्या. या मुलांची गरजेप्रमाणे फी माफ करावी. त्यांच्यातलं कुणी पुरेसं शिकलं तर त्याच्याच लोकांत त्याला शिक्षक नेमावं. शिफारशी छापल्या गेल्या. पुढे शंभरावर वर्षांनी नर्मदाकाठी चिमलखेडी, निमगव्हाणला जीवनशाळा निघाल्या आणि तिथं त्याच वस्त्यांतली तरुण पोरं पावरी-भिलीत बोलत शिकवायला उभी राहिली. त्यातल्या कुणी हंटर आयोगाचा अहवाल वाचला असेल, असं वाटत नाही.

पैशाची ही कथा झाली. खरा पेच अंतराचा आहे. खात्याच्या डोळ्यांपुढे गाव म्हणजे गावठाण: वेस, पार, चावडी, देऊळ. देवळाच्या ओसरीत पंतोजी बसवला की शाळा झाली. सातपुड्यात गाव असं एकवटलेलं नसतं. घर शेतात, शेत उतारावर. एका महसुली गावाचे आठ-दहा पाडे आणि मधे नाले. मी धडगावच्या वरच्या अंगाला शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा दाखलपात्र मुलांची यादी करायला निघालो होतो. एका पाड्यावरून समोरचं घर स्वच्छ दिसत होतं, हाक मारली तर तिकडून ओ येत होती. पोचायला मात्र खाली उतरून, नाला ओलांडून, पुन्हा चढण चढून पाऊण तास लागला. दारात सातेक वर्षांची पोरगी, कडेवर धाकटा भाऊ. तिची आई मला म्हणाली, “गुरुजी, पावसात नाल्याला पाणी आलं तर हिला न्यायला तुम्ही येणार का?” माझ्या यादीत नाव, वय, जात, पालकाचा धंदा असे रकाने होते. या प्रश्नाला रकाना नव्हता.

इंग्रजी काळात तर शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांचा दौरा दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत. नाले उतरलेले, वाटा कोरड्या. त्या दिवशी जी पोरं बसलेली दिसली ती हजेरी. खात्याच्या कागदोपत्री सातपुड्यात पावसाळा कधी झालाच नाही.

१९२३ च्या कायद्यानं शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या. १९२९ मध्ये हार्टोग समितीनं देशाचा आकडा मांडला: पहिलीत बसलेल्या शंभर मुलांमागे चौथीपर्यंत पोचली अठरा. आकडा खरा होता. त्यावरून समितीनं सल्ला दिला की, शाळांची संख्या वाढवत बसू नका, आहेत त्या सुधारा. एकशिक्षकी शाळांवर तिची मर्जी नव्हतीच. समितीला मी सरसकट दोष देणार नाही. एका खोलीत चार इयत्ता मीही सांभाळल्या आहेत. पहिली उजळणी म्हणतेय, दुसरी शुद्धलेखन लिहितेय, चौथीला मी फळ्यावर गणित घालतोय आणि तिसरी खिडकीतून शेळ्या मोजतेय. पण शाळा एकत्र आणली म्हणून पाडे एकत्र येत नाहीत. नाईकांनी १९५३ साली एकशिक्षकी शाळेवरच पुस्तक लिहिलं. ही शाळा टाळता येणार नाही, तर ती नीट चालवायची कशी ते शिकावं, ही त्यांची भूमिका मला आजही पटते. आपल्या अध्यापक विद्यालयांनी ती कधी मनावर घेतली नाही. बहुवर्ग अध्यापन म्हणजे एका तासिकेचा विषय आणि परीक्षेतला ‘टीपा लिहा’.

१९३६ मध्ये नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि मेवासींची गावं सरकारी आदेशानं ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ ठरली. शाळेनं त्यांना त्याआधीच वर्जित करून टाकलं होतं.

आणि आता आपला काळ. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळांचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा नमुना म्हणून आमच्याच तोरणमाळचं नाव पुढे आलं. समूहशाळेला माझा सरसकट विरोध नाही. सपाटीवर, डांबरी रस्त्यावर, वेळेवर गाडी येत असेल तर जरूर करा. पण सहा वर्षांचं पोर वसतिगृहात ठेवायचं की आईजवळून रोज शाळेत पाठवायचं, हे हजेरीपत्रकावरची बेरीज पाहून ठरवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तो किलोमीटर सपाटीवरचा की नाल्यापलीकडचा, हे आपण विचारलं पाहिजे.

म्हणून ठराव समितीला स्वागत समितीची एक विनंती आहे. मसुद्यात जिथं जिथं पटाचा आकडा येईल, तिथं त्याच ओळीत पाड्यापासून शाळेपर्यंत पावसाळ्यात पायी किती मिनिटं लागतात, तेही मागा. शाळा बंद करण्याच्या कोणत्याही प्रस्तावाला ही नोंद जोडल्याशिवाय तो विचारात घेऊ नये, असं स्पष्ट लिहा. दुसरी विनंती अध्यक्षांना. अक्राणी आणि अक्कलकुव्याकडून एकशिक्षकी शाळांचे काही गुरुजी आणि बाई आल्या आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं सत्र उद्या दुपारी छापलं गेलं आहे. ते आज, पहिल्याच सत्रात घ्यावं. त्यांना उद्या सकाळी शाळा उघडायची आहे आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी नाही.