नकाशातील जोड आणि जमिनीतील जोड



गावाच्या पाणीपुरवठा योजनेचा नकाशा पूर्वी कागदावर असे. पुढे तो संगणकावरील आरेखनात आला आणि आता तो भौगोलिक माहिती प्रणालीत नेण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे. या स्थलांतरात जमिनीतील जलवाहिनी जागची हलत नाही. नकाशातील रेषा मात्र हलते. तिच्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी मला आज्ञा झाली आहे.

डोळ्यांत भरणाऱ्या चुका प्रथम घेऊ. अक्षांश आधी लिहावा की रेखांश, याविषयी सर्व प्रणालींचे एकमत नाही. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ व रेखांश ७३.९. यांची अदलाबदल झाली की पुण्याची जलवाहिनी थेट नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडते! दुसरा प्रकार आपल्या विदर्भातला. मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीत ७८ अंश पूर्व रेखांशावर पट्टा बदलतो. अमरावती शहर ४३ व्या पट्ट्यात येते, नागपूर ४४ व्या. नागपूरचे आकडे ४३ व्या पट्ट्याचे समजून भरले, तर तेथील जलवाहिन्या गुजरातेत बारडोलीच्या आसपास उमटतात. अशा चुका पाहून हसू येते, आणि म्हणूनच त्या लगेच दुरुस्त होतात.

भीती आहे ती लहान चुकांची. कागदावर उद्धरण नलिका आणि वितरण नलिका एकमेकींना छेदताना दिसतात. जमिनीत एक वरून जाते, दुसरी खालून, जोड नसतोच. परंतु प्रत्येक छेद म्हणजे जोड, असा नियम लावून माहिती नेली की संगणक तेथे जोड निर्माण करतो. उलट, जेथे जोड खरोखर आहे तेथे आरेखकाची रेषा वीतभर अलीकडेच थांबलेली असते. डोळ्याला ती जुळलेली दिसते. संगणकाच्या हिशेबी मात्र पुढच्या आळीला पाणीच जात नाही.

यावर, ठरावीक अंतरातील टोके आपोआप जोडण्याची सोय असते. ते अंतर ठरविताना एकक अवश्य पाहावे. मीटरमधील ०.००१ म्हणजे एक मिलिमीटर. माहिती अंशांत असेल तर तोच आकडा दक्षिणोत्तर सुमारे १११ मीटर होतो. एवढ्यात दोन आळ्यांच्या नलिका एक होतात आणि प्रणाली ‘चुका शून्य’ असा अहवाल देते. हा अहवाल मी फारसा मानीत नाही. आकृती निर्दोष झाली, एवढेच तो सांगतो. उद्या दूषित पाण्याची तक्रार आली की कोणता व्हॉल्व्ह बंद करावयाचा, हे याच नकाशावरून ठरणार आहे. जोड खोटा असेल तर भलताच व्हॉल्व्ह बंद होईल आणि तेच पाणी घराघरांत जात राहील.

म्हणून मूळ नकाशाची एक प्रत जशीच्या तशी राखून ठेवावी. नलिकांची संख्या व एकूण लांबी स्थलांतराच्या आधी आणि नंतर ताडून पाहावी. दुबार व शून्य लांबीच्या रेषा बहुधा तेथेच सापडतात. जोड यंत्राने सुचवावा, मान्यता माणसाने द्यावी. हा माणूस शक्यतो कचेरीतला नसावा. पाणी सोडणाऱ्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला कदाचित नकाशा वाचता येणार नाही. पण मारुतीच्या देवळामागचा व्हॉल्व्ह कोणाकोणाचे पाणी तोडतो, हे त्याला तोंडपाठ असते. संशयास्पद जोडांची यादी घेऊन, पाणी सुटण्याच्या वेळी त्याच्याबरोबर फिरावे. व्हॉल्व्ह बंद करून कोणत्या घरांचे नळ थांबले ते लिहून घ्यावे. ज्या जोडाची खात्री पटली नाही, त्यापुढे नोंदीत ‘अनिश्चित’ असेच लिहावे, आणि तपासणाराचे नाव व तारीख त्याच ओळीत घालावी.