दारातला कुत्रा आणि घरातले मूल

(करकंब येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पंढरपूर तालुक्यात उभे राहून कुत्र्याविषयी बोलायचे, तर संत नामदेवांचे स्मरण अपरिहार्य आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण मुलांना मांडीवर बसवून सांगतो. सांगितलेच पाहिजेत. भूतमात्रात ईश्वर पाहण्याची दृष्टी त्या कथेत आहे. परंतु चार वर्षांच्या नातवाला ती सांगताना मी हल्ली एक वाक्य जोडतो : बाळा, तोंडात घास असलेल्या कुत्र्यामागे आपण मात्र धावायचे नाही.

हे वाक्य मला माझ्याच एका चुकीने शिकवले. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका वस्तीवर लहान मुलाच्या गालाला कुत्रा चावला. ऐकीव माहितीवर मी बातमी दिली, ‘पिसाळलेल्या कुत्र्याचा बालकावर हल्ला’. दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो. कुत्रा त्याच घरचा होता, सहा वर्षे राखण करणारा. मूल रांगत त्याच्या भाकरीच्या ताटलीपाशी गेले, तेव्हा तो गुरगुरला होता. घरच्यांनी त्याला चपलेने मारले आणि मूल पुन्हा तिथेच सोडले. दुसऱ्यांदा तो गुरगुरला नाही, चावला. मी पोहोचेपर्यंत त्याला काठ्यांनी मारून टाकले होते. मुलाच्या आजीने विचारले, “तो पिसाळला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. कुत्रा जिवंत असता, तर दहा दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवता आले असते. ती सोयही राहिली नव्हती.

गुरगुरणे हा उद्धटपणा नव्हे. ती सूचना आहे. ती दिल्याबद्दल मार मिळाला की कुत्रा सूचना देणे सोडतो, चावणे सोडत नाही. गुरगुरण्याआधीही तो पुष्कळ सांगत असतो. अंग ताठ करतो, मान फिरवतो, भूक नसता ओठ चाटतो, झोप नसता जांभई देतो, डोळ्यांच्या कडेचे पांढरे दाखवतो. शेपूट हलते म्हणजे तो खूश आहे, हा आपला मोठा गैरसमज. ताठ उभारलेली शेपूटही हलते. हे सारे ओळखणे मुलाच्या आवाक्यात नसते. ते घरातल्या मोठ्यांनी ओळखायचे असते.

मुलांना शिकवायचे ते थोडे आणि रोजचे. कुत्रा जेवत असेल, झोपला असेल, कुत्री पिलांपाशी असेल, तर जवळ जायचे नाही. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. त्याला दूर जाता येत नाही, म्हणून तो पुढे येतो. नावाने हाक मारावी आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यावे. आला नाही, तर आज त्याची इच्छा नाही. आला, तर पाठीवर, खांद्यावर हात फिरवावा. गळ्यात मिठी, तोंडाजवळ तोंड, शेपूट ओढणे, घोडा करून बसणे हे लाड आपल्याला वाटतात, त्याला नव्हे. अंगावर धावून आला, तर पळू नये, ओरडू नये. झाडासारखे उभे राहावे, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. खाली पडल्यास पोटाशी पाय घेऊन मान व कान हातांनी झाकावेत. हे घरी खेळ म्हणून करून घ्या. मुलांना ‘झाड’ होणे फार आवडते.

आणि कुत्रा कितीही गरीब असो, लहान मुलाला त्याच्यापाशी एकटे सोडू नये. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य चावा घेण्याच्या आदल्या दिवसापर्यंत खरेच असते.

चावलाच, तर जखमेवर हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी दवाखाना. ओरखडा आहे, रक्त नाही, म्हणून थांबू नका. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेभोवती टोचण्याचे औषधही द्यावे लागते. ते मागून घ्या. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आपल्या घरांत आहे. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता चार-पाच इंजेक्शने दंडात दिली जातात. मात्र ठरलेल्या तारखांना सगळी घ्यावी लागतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल मार बसेल या भीतीने चावा लपवते. म्हणून ‘कुत्र्याच्या वाटेला का गेलास?’ हा प्रश्न जखम धुऊन झाल्यावर विचारा.

आता तुमच्या शंका घेऊ. त्याआधी एकच विचारतो : आपल्या कुत्र्याला रेबीजची लस वर्षभरात टोचली आहे, असे किती जण खात्रीने सांगू शकतील? हात वर करा.