पेटी केवढी करावी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सुतार दुसऱ्यासाठी जे काही करतो, त्याचं माप त्याला आयतं मिळतं. दाराचं माप चौकट सांगते, पलंगाचं माप झोपणारा सांगतो. पण हत्यारांची पेटी तो स्वतःसाठी करतो आणि तिचं माप सांगणारं गिऱ्हाईकच नसतं. मग हाताशी जी फळी असेल तिच्या मापाची पेटी होते. फळी लांब असेल तर पेटी लांब! पुढची पंधरा-वीस वर्षं ती आपल्यालाच उचलायची आहे, हे त्या वेळी लक्षात येत नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडतही नसे. आपल्या मराठवाड्यात सुतार म्हणजे गावचा बलुतेदार. मोडलेली तिफण, बैलगाडीचं चाक शेतकरीच त्याच्या दारात आणून टाकायचा. वाकस, करवत, पटाशी, किकरं, सामता, रंधा ही हत्यारं ओसरीतच असायची. लोखंडी औजारं आणि ट्रॅक्टर आले, तसं ते काम आटत गेलं. आता काम आहे ते नांदेड-लातूरच्या नव्या वसाहतींत, चौकटींचं आणि कपाटांचं. तिथं हत्यारांनाच कामाकडे जावं लागतं. कधी मोटारसायकलवर, कधी एसटीनं, कधी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे आणि हत्यारांच्या संचासाठी १५ हजार रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद आहे. नवी हत्यारं आली, की ती ठेवायची कशात, हा प्रश्न आलाच.

तेव्हा आधी एक साधं गणित पाहू. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही फक्त सव्वापट केली, तर आतली जागा किती वाढते? सव्वापट नव्हे, जवळजवळ दुप्पट. आणि रिकामी जागा रिकामी राहत नाही, हा तर घरातल्या माळ्यावरचाही अनुभव आहे. जास्तीचे खिळे, तुटकी कानस, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली जुनी बिजागरी असं सगळं तिथं जमतं. म्हणजे ‘थोडी मोठीच करू’ असं म्हणत आपण ओझं दुप्पट करून ठेवतो.

मग माप ठरवायचं कसं? त्यासाठी खंडेनवमीसारखा दुसरा दिवस नाही. त्या दिवशी पूजेसाठी सगळी हत्यारं धुऊन-पुसून मांडलेली असतातच. पूजा झाली की त्यांचे दोन भाग करावेत. वर्षभरात ज्याला हात लागला ते एका बाजूला, ज्याला लागला नाही ते दुसऱ्या बाजूला. पेटी पहिल्या भागासाठी करायची. दुसरा भाग घरी फळीवर सुखानं राहील.

आता सर्वांत लांब हत्यार शोधा. बहुधा ती करवत निघेल. २४ इंची पात्याची करवत मुठीसकट साधारण २८ इंच भरते. म्हणजे पेटी आतून किमान २९ इंच हवी. काही जण म्हणतात, करवत तिरपी ठेवू, तेवढीच लांबी वाचेल. कागदावर हे बरोबर दिसतं. पण करवत म्हणजे नुसती रेघ नव्हे. तिची मूठ चांगली सहा-सात इंच रुंद असते आणि ती कोपऱ्यात अडते. त्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारावा, की एका करवतीसाठी सगळी पेटी लांब करायची का? करवतीला जाड कापडाची म्यान शिवून ती बाहेरून बांधली, तर उरलेल्यांत सर्वांत लांब असतो मोठा रंधा, साधारण १४ इंचांचा. मग २० इंचांची पेटी पुरते.

वजनाचाही हिशेब मांडू. किनवट-माहूरच्या जंगलाचा साग आपल्याला परिचयाचा आहे. वाळलेल्या सागाचं एक घनफूट लाकूड साधारण १८ किलो भरतं. बाहेरून ३० इंच लांब, १२ इंच रुंद, १० इंच उंच अशी पेटी पाऊण इंची फळीची केली, तर रिकामी पेटीच साधारण ११ किलोंची होते. तीच अर्धा इंची फळीची केली तर साधारण साडेसात किलो, आणि लांबी २० इंचांवर आणली तर साधारण साडेपाच. कोपऱ्यांचे सांधे दातेरी आणि घट्ट असतील, तर एवढ्या पेटीला अर्धा इंची साग पुरेसा होतो. हत्यारं पोत्यात घालून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा. १२-१५ किलो सहज भरतील. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेनं १९९१ मध्ये ओझं उचलण्याचं जे सूत्र दिलं, त्यात अगदी सोयीच्या स्थितीतही मर्यादा २३ किलोंची आहे. जिना, ऊन आणि मोटारसायकल यांना सोयीची स्थिती कोण म्हणेल?

परदेशी आराखड्यांच्या बाबतीतही सावध राहावं. इंग्लंडमधल्या जुन्या सुतारांच्या पेट्या तीन-सव्वातीन फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद व उंच असत. ख्रिस्तोफर श्वार्झ या अमेरिकी लेखकाच्या २०११ च्या पुस्तकामुळे त्यांची पुन्हा चर्चा झाली. पेट्या देखण्या आहेत, यात शंका नाही. पण त्या कारखान्यात एका जागी राहत आणि त्यांचा मालक टेबलापाशी उभा राहून काम करी. आपल्याकडचा सुतार पूर्वापार जमिनीवर बसून, पायानं लाकूड दाबून काम करतो. बसलेल्या माणसाला दोन फूट खोल पेटीचा तळ दिसतही नाही. त्याला ठेंगणी पेटी सोयीची. तळाशी रंधे, त्यांच्यावर तीन इंची सरकता कप्पा, त्यात पटाश्या आणि गुण्या. आतली उंची नऊ इंच पुरे. ज्याचं स्वतःचं दुकान आहे आणि ज्याला पेटी हलवायचीच नाही, त्यानं खुशाल मोठी करावी, मात्र ती घडवंचीवर ठेवावी.

आणखी एक गोष्ट आपल्या हवेची. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड कोरडं ठणठणीत असतं आणि श्रावणात तेच रुंदीला फुगतं. उन्हाळ्यात अगदी बरोबर बसवलेला सरकता कप्पा पावसाळ्यात अडकून बसतो. म्हणून उन्हाळ्यात पेटी करत असाल, तर कप्प्याच्या दोन्ही अंगांना एकेक सूत मोकळं सोडा. तळाला दोन आडव्या पट्ट्या ठोका, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही थोडी दूर राहतील.

पुढे येणाऱ्या हत्यारांसाठी जागा ठेवावी का? ठेवावी, पण एका छोट्या कप्प्याइतकी. विजेवर चालणारी यंत्रं पेटीच्या हिशेबात धरू नयेत. त्यांची पिशवी वेगळी असावी. तीन-चार वर्षांनी काम बदललं, फर्निचर सोडून चौकटींकडे वळलात, तर हत्यारंही बदलतील. त्या वेळी नवी पेटी करायला दोन दिवस लागतील. पाठीचं दुखणं मात्र दोन दिवसांत बरं होत नाही.

शेवटी एक सुचवतो. सागाला करवत लावण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका बनवा. त्यात हत्यारं भरा, वर पेटीच्या वजनाच्या विटा ठेवा, खालून दोरीनं घट्ट बांधा. मोटारसायकलवर आडवा ठेवून तो हॅण्डलच्या बाहेर जातो का ते बघा. जात असेल तर रस्त्यात कुठंतरी अडकेल. मग तोच खोका उचलून दोन जिने चढून जा. वर पोचल्यावर लगेच कामाला बसावंसं वाटलं, तर माप जमलं. वाटलं नाही, तर खोक्याला कात्री लावा. फळी अजून शाबूत आहे.