लॉनचा हिशेब आधी वहीत



आमच्या बचत गटाला लॉन लावायचं पहिलं काम मिळालं ते एका मंगल कार्यालयाचं. रोपवाटिकेत तयार गवताच्या पट्ट्यांचा भाव तेव्हा 12 रुपये चौरस फूट होता. आम्ही वर 6 रुपये चढवले आणि 18 रुपये फूट सांगून मोकळ्या झालो. 1000 फुटांचे 18,000! काम संपल्यावर कळलं, सहा जणींची दोन दिवसांची मजुरी तर गेलीच, वर गटाच्या बचतीतून 6,450 रुपये घालावे लागले. लॉन छान धरलं, पण पुढच्या मीटिंगला कुणी कुणाकडे बघेना.

चूक हिशेबात होती. तोच हिशेब आज नीट मांडू. वही-पेन घ्या.

पहिली गोष्ट, जागा टेपने मोजायची, पावलांनी नाही. ती जागा 40 फूट लांब, 30 फूट रुंद. झाले 1200 चौरस फूट. मधून 40 फूट लांब, 3 फूट रुंद पायवाट, 120 वजा. कडुनिंबाचा गोल पार, आरपार 10 फूट. गोलाचं माप काढताना त्याचं निम्मं घ्यायचं, म्हणजे 5. पाचा पाचा पंचवीस, गुणिले 3.14, साधारण 80. तेही वजा. उरले 1000.

दुसरी गोष्ट, नेमकं तेवढंच गवत मागवायचं नाही. काठाला, पाराभोवती कापताना तुकडे वाया जातात. जागा सरळ असेल तर शेकडा 5, वळणांची असेल तर शेकडा 10 जास्त धरा. म्हणजे 1100 फूट. आम्ही 1000 च आणलं, ते कमी पडलं आणि टेम्पोचं 2,500 रुपये भाडं दोनदा भरलं.

पट्टी 2 फूट लांब, 1 फूट रुंद असेल तर 550 पट्ट्या लागतील. उतरवतानाच पाच-दहा पट्ट्या मोजून बघा. लांबीत दोन-दोन इंच कमी भरल्या, तर एवढ्या मालात 90 फुटांची तूट येते.

तिसरी गोष्ट, माती. गवताखाली दोन इंच लाल मातीचा थर हवा. 1000 फुटांवर दोन इंच म्हणजे सुमारे 167 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणून पावणेदोन ब्रास. ही माती आम्ही भाव सांगताना धरलीच नव्हती.

आता बेरीज, तेव्हाच्या भावाने. गवत 13,200. माती 3,000 रुपये ब्रासने 5,250. शेणखत 1,000. टेम्पो एकदाच, 2,500. मजुरी 400 रुपये रोजाने सहा जणींची दोन दिवस, 4,800. एकूण 26,750. त्यावर शेकडा 10 गटासाठी, आणि एखादी पट्टी वाळली तर बदलून द्यायला. झाले 29,425. आम्ही मागितले होते 18,000!

तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. ते विचारून घाला, रीत हीच. माल येईल त्याच दिवशी लावून पाणी द्यायचं, म्हणून जागा आणि पाण्याची सोय आधी तयार ठेवा.

आता आम्ही गिऱ्हाइकापुढे वहीच ठेवतो. कुणी म्हणालं, फार होतात, तर विचारतो, माती तुमची देता का? मग मातीचे पैसे वजा करतो. मजुरीच्या आकड्याला मात्र हात लावू देत नाही.